तलावावर हिरवी साय आलीय, पिण्याचं पाणी आहे, मोरचूद टाकू का?

घाटमाथा_खानापूर

नमस्कार मंडळी, घाईत लिहितोय, पाणीपुरवठ्यातलं कुणाला नीट माहिती असेल तर आज रात्रीपर्यंत सांगा प्लीज. आमचं गाव खानापूर तालुक्यात, विट्यापासून वरच्या अंगाला. गावाला पिण्याचं पाणी तलावातनं येतं, टेंभू उपसा सिंचन योजनेचं आवर्तन आलं की तलाव भरतो, पण यंदा आवर्तन लांबलं आणि पाणी निम्म्याच्या खाली गेलं. गेल्या आठ-दहा दिवसांपासून पाण्यावर हिरवा तवंग यायला लागलाय. आधी वाटलं नेहमीचं शेवाळ असेल, पण हे धाग्याधाग्याचं नाही, काठीनं उचलायला गेलं तर काठीला चिकटून वर येत नाही, हिरवा ऑइलपेंट सांडावा तसं पसरलेलं दिसतं. सकाळी जास्त असतं, दुपारी वारं सुटलं की सगळं बांधाकडं येऊन साचतं आणि आमची जॅकवेल (पाणी उपसायची विहीर) नेमकी तिथंच आहे. काठाच्या दगडांवर ते वाळलं की फिकट मोरपिशी डाग पडतात. नळाच्या पाण्याला ओल्या मातीचा वास येतोय.

गाव २८०० लोकांचं, रोज साधारण दीड लाख लिटर पाणी सोडतो. बारका फिल्टर प्लांट आहे, तुरटीची टाकी, वाळूचा फिल्टर, मग उंच टाकी आणि टीसीएल (ब्लीचिंग पावडर). जलसुरक्षक पोरगा मन लावून काम करतो, ओटी टेस्ट (पाण्यातलं क्लोरीन बघायची) रोज घेतो, क्लोरीन येतंय म्हणतो. मी पाणी समितीत नवीनच आहे.

परवा वस्तीवरच्या दोन शेळ्या मेल्या, त्या तलावावरच पाणी प्यायच्या. कशानं मेल्या ते अजून कळालेलं नाही पण तेव्हापासून माझी झोप उडालीय. काल रात्री मीटिंग झाली, त्यात तीन मतं पडली. एक म्हणजे मोरचुदाचं पोतं आणून तलावात टाकायचं (बागेवर फवारायच्या बोर्डो मिश्रणासाठी आणलेला घराघरात पडलाय), दुसरं म्हणजे टीसीएल दुप्पट करायची आणि ती फिल्टरच्या आधी जॅकवेलमधेच टाकायची, आणि तिसरं म्हणजे दवंडी द्यायची की पाणी उकळून प्या. उद्या सकाळी मोरचूद टाकायचं जवळजवळ ठरलंय. माझ्या मनाला पटत नाही पण का पटत नाही ते मला सांगता येईना. कुणीतरी सांगा.

द्राक्षबाग_तासगाव

दादा एवढं घाबरू नका. आमच्याकडं शेततळ्यात दरवर्षी उन्हाळ्यात असलंच हिरवं होतं, आम्ही मोरचूद कापडात बांधून पाण्यातनं फिरवतो, चार दिवसात तळ दिसायला लागतो. बागेला तेच पाणी देतो, काय झालेलं नाही. तुम्ही फक्त प्रमाण बघून टाका, जास्त झालं की मासे मरतात.

जुना_फिल्टरवाला

थांबा. पोतं टाकू नका. आजच सरपंचांना फोन करा, उद्या सकाळपर्यंत वाट बघू नका.

मी सांगली भागात फिल्टर प्लांटवर ३० वर्षं काढली, आता रिटायर आहे. तासगावच्या भाऊंनी सांगितलं ते बागेच्या पाण्याला ठीक असेल पण पिण्याच्या पाण्याला हाच सगळ्यात वाईट उपाय आहे आणि का ते नीट समजून घ्या, म्हणजे मीटिंगमधे तुम्हाला बोलता येईल.

तुम्ही जे वर्णन केलंय, ऑइलपेंटसारखं, सकाळी वर येणारं, वाळल्यावर मोरपिशी डाग, ते बहुतेक निळं-हिरवं शेवाळ आहे. नावाला शेवाळ, खरं तर तो बॅक्टेरियाचा प्रकार आहे, सायनोबॅक्टेरिया म्हणतात. त्यातल्या काही जाती विष तयार करतात. ते विष पेशी जिवंत आणि अख्खी असेपर्यंत बहुतेक करून पेशीच्या आत असतं. पेशी फुटली की विष पाण्यात विरघळतं आणि मग ते ना तुरटीत खाली बसतं ना वाळूत अडकतं, सरळ नळापर्यंत जातं. अख्खं अंडं हातानं उचलून बाजूला ठेवता येतं, फुटलेलं बादलीभर पाण्यातनं काढून दाखवा बघू. मोरचूद टाकलं की तलावातली सगळी अंडी एका रात्रीत फुटतात. पाणी काचेसारखं दिसेल, गाव खूश होईल, आणि नेमकं त्याच दिवसाचं पाणी सगळ्यात घातक असेल.

हे मनाचं सांगत नाही. ऑस्ट्रेलियात क्वीन्सलँडमधे पाम आयलंड म्हणून बेट आहे, तिथं १९७९ मधे अगदी हेच झालं. धरणाच्या पाण्यात शेवाळ वाढलं, वास आणि चवीच्या तक्रारी आल्या म्हणून मोरचूद टाकलं आणि थोड्याच दिवसात १४८ माणसं आजारी पडली, त्यात बहुतेक लहान पोरं. लिव्हर सुजलेलं, उलट्या, जुलाब, काहींना तर सलाईनवर ठेवावं लागलं. सुरवातीला कुणाला कळेना हा कसला रोग. नंतर त्या शेवाळाच्या विषाचं नाव पडलं सिलिंड्रोस्पर्मोप्सिन. आणि लक्षात ठेवा, ते शेवाळ असा तवंग धरत नाही, पाण्यात खाली पसरून राहतं, म्हणजे वरनं पाणी साफ दिसलं म्हणून निर्धास्त व्हायचं नाही.

जॅकवेलमधे टीसीएल टाकायचं मत तर त्याहून आधी खोडून काढा. क्लोरीन पण पेशी फोडतो, म्हणजे फिल्टरच्या तोंडावरच विष मोकळं करायचं. कच्च्या पाण्यात टीसीएल अजिबात नको. आधी गाळा, मग क्लोरीन, हा क्रम मोडू नका.

आता काय करायचं. पहिलं म्हणजे पाणी उपसायची जागा. ही पेशी तरंगते, तिच्या आत हवेच्या बारक्या पिशव्या असतात, त्यामुळं रात्री वारं पडलेलं असलं की सकाळी सगळा माल पाण्याच्या वर येऊन बसतो. सक्शनचं तोंड वर असेल तर तुम्ही सायच ओढताय. ते खाली घ्या, पाण्याच्या वरच्या थरापासून जितकं खाली जाईल तितकं, पण तळाच्या गाळापासून चार-पाच फूट वर राहू द्या कारण तळाच्या पाण्यात प्राणवायू नसतो आणि गाळ, लोह असलं सगळं वर येतं. जमत असेल तर तरंगता पंप लावून वाऱ्याच्या उलट्या बाजूनं, म्हणजे साय जिथनं निघून जाते तिथनं पाणी घ्या. बांधाकडच्या जॅकवेलभोवती रिकामे ड्रम किंवा बांबू बांधून त्याखाली दोन-तीन फूट ताडपत्री सोडली तरी तवंग बराच अडतो, आम्ही केलेलं आहे. अडलेली साय बादलीनं काढून तलावापासून लांब खड्ड्यात टाका, हातात ग्लोव्हज घाला, काठावर फेकू नका, पावसात परत आत येते आणि जनावरं तोंड लावतात.

दुसरं तुरटी. ही वाढलेली असली की दिवसा पाण्यातला कार्बन डायऑक्साईड खाते आणि दुपारी पीएच ९ च्या वर जातो. एवढ्या पीएचला तुरटीचे गोळे नीट धरत नाहीत आणि क्लोरीनचा पण जोर कमी पडतो. तुमच्या पोराला म्हणावं पहाटे आणि दुपारी दोन्ही वेळा पीएच बघ, पहाटे तो कमी मिळेल. पण पहाटे साय वर असते, म्हणून सक्शन आधी खाली गेलं तरच पहाटेच्या उपशाचा फायदा. तुरटी अंदाजानं टाकू नका, पाच-सहा बरण्यांत वेगवेगळं प्रमाण घालून ढवळून बघा, ज्यात गोळा लवकर बसतो तो डोस धरा. बसलेला गाळ टाकीत चार-चार दिवस साठू देऊ नका, त्यातल्या पेशी मरून फुटतात. वाळूच्या फिल्टरचं बॅकवॉश (उलटं पाणी सोडून धुणं) नेहमीपेक्षा लवकर लवकर करा आणि बॅकवॉशचं पाणी परत तलावात किंवा इनलेटला सोडू नका. हे सांगायचं कारण असं की पाणी वाचवायच्या नादात बॅकवॉशचं पाणी इनलेटला जोडलेलं मी बऱ्याच प्लांटवर बघितलंय.

तिसरं, विरघळलेल्या विषासाठी पावडरवाला ॲक्टिव्हेटेड कार्बन. लिटरला २० मिलिग्रॅम धरला तर तुमच्या दीड लाख लिटरला रोज ३ किलो लागेल. तो तुरटीच्या आधी पाण्यात टाकून अर्धा-एक तास तरी ढवळत राहायला पाहिजे, मग तुरटीबरोबर तो पण खाली बसतो. त्याचं बिल समितीला परवडेल.

आणि शेवटी फिल्टरनंतर टीसीएल, अर्धा तास थांबून मोकळा क्लोरीन लिटरला ०.५ मिलिग्रॅमच्या खाली नको, पीएच ८ च्या आत. मायक्रोसिस्टिन म्हणून जे नेहमीचं विष असतं ते एवढ्यानं बरंच मोडतं. पण ॲनाटॉक्सिन म्हणून एक विष आहे, त्याला क्लोरीन फारसं काही करत नाही, म्हणून क्लोरीन येतंय म्हणजे पाणी चांगलं हे या वेळी चालणार नाही. ओटी टेस्ट क्लोरीन दाखवते, विष नाही दाखवत.

एवढं सगळं करून पण टेस्ट येईपर्यंत मी तुमच्या जागी असतो तर पिण्यासाठी आणि स्वयंपाकासाठी हे पाणी बंदच केलं असतं. बोअर असेल तर त्याचं द्या (नायट्रेट बघून), नसेल तर टँकर मागा. तलावाचं गाळलेलं पाणी भांडी-कपडे-संडासला चालू ठेवा.

मिरज_डायलिसिस_ताई

वरच्या काकांनी खूप महत्त्वाचं सांगितलंय. मी मिरजेत डायलिसिस टेक्निशियन आहे, त्यामुळं दवंडीच्या मुद्द्यावर मला बोलायलाच पाहिजे.

दादा, "उकळून प्या" ही दवंडी कृपा करून देऊ नका. आपल्या डोक्यात पक्कं बसलंय की पाणी उकळलं की सगळं मरतं. जंतू मरतात, बरोबर आहे, पण हे विष जंतू नाही, केमिकल आहे. मायक्रोसिस्टिन उकळून मोडत नाही, उलट उकळताना पेशी फुटून आतलं बाहेर येतं आणि पाणी आटेल तसं ते घट्ट होतं. अमेरिकेत टोलेडो शहरात ऑगस्ट २०१४ मधे लेक एरीच्या पाण्यात हे सापडलं तेव्हा तिथल्या पाच लाखाच्या आसपास लोकांना दोन-तीन दिवस स्पष्ट सांगितलं होतं की पिऊ नका आणि उकळू पण नका. आपल्याकडं आई पोराच्या दुधाच्या बाटलीसाठी पाणी दहा मिनिटं उकळते आणि तिला वाटतं मी काळजी घेतली. त्या माऊलीला चुकीचं सांगायचं पाप आपण करायचं नाही.

गावात कुणाचं डायलिसिस चालू आहे का ते आजच विचारा. घरी पाणी तो पितोच, पण तो जिथं डायलिसिसला जातो तिथं पण हे कळवा. एका सेशनला साधारण १२० लिटर पाणी माणसाच्या रक्ताला फक्त एका पातळ पडद्याआडनं लागतं, पोट नाही, लिव्हरची पहिली चाळणी नाही, सरळ रक्त. ब्राझीलमधे कारुआरू गावात १९९६ मधे एका डायलिसिस सेंटरला टँकरनं नीट शुद्ध न केलेलं तलावाचं पाणी आलं, १०० पेशंटचं लिव्हर फेल झालं, त्यातले निदान ५२ जण या विषानं गेले. आमच्या ट्रेनिंगमधे हे ऐकलं तेव्हापासून मी रोज सकाळी पहिल्यांदा आरओची आणि कार्बन टाकीची नोंद बघते, मगच मशीन चालू करते.

घरगुती फिल्टरचं विचाराल तर कँडलवाला आणि नुसता यूव्हीवाला यावर भरवसा ठेवू नका, यूव्ही विरघळलेलं विष काढत नाही. आरओ चांगलं चालणारा असेल तर त्यातनं बरंच निघतं, पण मेंब्रेन किती जुनं आहे ते कुणाला माहीत असतं? म्हणून तान्ह्या बाळांना, गरोदर बायकांना आणि किडनी-लिव्हरच्या पेशंटना आधी दुसरं पाणी द्या, मग बाकीच्यांचं बघा.

जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा मायक्रोसिस्टिनसाठी कायमच्या पिण्याला लिटरमधे १ मायक्रोग्रॅम आहे. म्हणजे दहा लाख लिटरमधे एक ग्रॅम. थोड्या दिवसांसाठी मोठ्या माणसांना १२ पर्यंत धरलंय, पण बाटलीनं दूध पिणाऱ्या बाळांसाठी ३ च्या वर गेलं की लगेच दुसरं पाणी द्या असं सांगितलंय.

कुणाला उलट्या, जुलाब, पोटात दुखणं, अंगाला खाज, डोळे पिवळे असं काही झालं तर आरोग्य केंद्रात डॉक्टरांना तलावाचं सांगा, नुसतं "काहीतरी खाल्लं असेल" म्हणून गोळ्या घेऊन येऊ नका. पोरांना तवंगात पोहायला सोडू नका. आणि शेळ्यांचं, ज्या दोन गेल्या त्या गेल्या, पण आता अजून एखादं जनावर दगावलं तर पुरायच्या आधी पशुवैद्यकीय डॉक्टरांना बोलवा, लिव्हर बघितल्यावर बरंच कळतं.

द्राक्षबाग_तासगाव

काका, ताई, मी माझं म्हणणं मागं घेतो. दादा मोरचूद टाकू नका. मला हे अंड्याचं माहितीच नव्हतं. आता मला वेगळीच काळजी लागली, आमच्या शेततळ्यातलं पाणी बागेतल्या छाटणीच्या टोळ्या पितात, घागरी तिथंच भरतात, आणि मोरचूद फिरवलं की चार दिवसात आम्हीच म्हणायचो आता पाणी चांगलं झालं. उद्यापासून त्यांच्यासाठी गावातनं जार आणतो.

जुना_फिल्टरवाला

भाऊ, जार आणाच. शेततळ्यावर पत्र्याची पाटी पण लावा, पिऊ नये म्हणून. टोळी बदलते, नवीन माणसाला कुणी सांगत नाही.

कऱ्हाडचा_वनस्पतीवाला

कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवतो, थोडं ओळखण्याबद्दल आणि थोडं मुळाबद्दल लिहितो.

घरच्या घरी अंदाज घ्यायचा असेल तर पारदर्शक काचेची बरणी, ग्लोव्हज घालून तलावाचं पाणी पाऊण भरा, झाकण लावा आणि न हलवता रात्रभर ठेवा. सकाळी हिरवा थर वर कडं करून बसला असेल तर निळं-हिरवं असण्याची शक्यता जास्त, तळाला बसला तर साधं हिरवं शेवाळ. काठीला केसासारखं लोंबलं तर तंतुमय शेवाळ, ते बहुतेक निरुपद्रवी. पण हा अंदाजच, खात्री मायक्रोस्कोपखाली. जवळच्या कुठल्याही कॉलेजच्या मायक्रोबायोलॉजी किंवा बॉटनी विभागात ४०० पट मोठं करून बघितलं तरी मायक्रोसिस्टिसचे (मायक्रोसिस्टिन हे विष करणाऱ्या शेवाळाचे) गोळे सहज ओळखता येतात, आमच्याकडं आणलं तर मी स्वतः बघून देईन.

मीटिंगमधे कुणीतरी नक्की म्हणेल की निळं-हिरवं शेवाळ तर भाताला खत म्हणून देतात आणि स्पिरुलिनाच्या गोळ्या तर लोक विकत घेऊन खातात. दोन्ही खरं आहे. हा मोठा कुटुंबकबिला आहे, त्यातले काही हवेतला नत्र धरून पिकाला देतात आणि काही विष करतात, आणि एकाच जातीत विष करणारे आणि न करणारे दोन्ही वाण शेजारी शेजारी वाढतात. मायक्रोस्कोपखाली पण ते वेगळे दिसत नाहीत. त्यामुळं जात कळली तरी विषाची टेस्ट (एलायझा म्हणतात) वेगळी करावी लागते. आपल्या नेहमीच्या फील्ड टेस्ट किटमधे नायट्रेट, फ्लोराईड, जिवाणू असतात, हे विष नसतं, म्हणून ग्रामपंचायतीला पाणी चांगलं असल्याचं हिरवं कार्ड आहे यावर या वेळी विसंबू नका. जिल्ह्याच्या लॅबला लेखी पत्र द्या की ही टेस्ट पाहिजे, तिथं होत नसेल तर कुठं पाठवायचं ते लेखी मागा. नमुना काचेच्या गडद बाटलीत, बर्फात, उन्हापासून लपवून.

अजून एक वाक्य हमखास येईल, आमचे बापजादे हेच पाणी पीत होते. बापजाद्यांच्या वेळी त्या तलावाच्या वरच्या अंगाला काय होतं आणि आता काय आहे ते बघा. मला खरं बोलायचंय ते याच्यावर.

हे शेवाळ फुकट वाढत नाही. ऊन, २५ अंशाच्या वर गेलेलं साचलेलं पाणी हे तर उन्हाळ्यात दरवर्षी असतं, पण त्याला खायला लागतं ते फॉस्फरस. लिटरमधे २०-३० मायक्रोग्रॅम एवढा फॉस्फरस पण पुरतो. तो कुठनं येतो? तुमच्या भागात पोल्ट्र्या किती आहेत सगळ्यांना माहितीय, कोंबडखत उघड्यावर ढीग करून ठेवलेलं असतं आणि पहिल्या वळवात ते ओढ्यातनं तलावात. बागांना डीएपी, १०:२६:२६, सुपर फॉस्फेट, त्यातलं पिकाला लागतं तेवढं लागतं आणि बाकीचं मातीच्या कणाला चिकटून मातीबरोबर वाहतं. वस्तीचं गटार, तलावावर धुतलेले कपडे, म्हशी. आणि एक गोष्ट विचारतो, तलावाचा मासेमारीचा ठेका दिलाय का? दिला असेल तर ठेकेदार माशांना खाणं तयार व्हावं म्हणून शेणखत किंवा कोंबडखत पाण्यात टाकतो का ते बघा. मत्स्यतळ्यात ती रूढ पद्धत आहे, त्यात त्याचा वाईट हेतू नसतो, पण पिण्याच्या तलावात हे म्हणजे आपणच शेवाळाला पेंड घालणं.

आणि वरनं येणारं सगळं आज बंद केलं तरी तळाच्या गाळात वर्षानुवर्षाचा फॉस्फरस बसलेला असतो, तळाला प्राणवायू संपला की तो परत पाण्यात सुटतो. म्हणून एकदा साय आली की पुढच्या वर्षी परत येते. पाणी कमी झालंय तोपर्यंत गाळमुक्त धरण गाळयुक्त शिवार योजनेमधे उघड्या पडलेल्या भागातला गाळ काढून घ्या, शेतकऱ्याला तोच फॉस्फरस सोनं आहे आणि तलावाला तोच विष.

शेळ्यांचं वाचून वाईट वाटलं. या विषाची शास्त्रातली पहिली नोंदच जनावरांची आहे. १८७८ मधे ऑस्ट्रेलियात जॉर्ज फ्रान्सिस यांनी लिहिलं होतं की अलेक्झांड्रिना सरोवराच्या काठावर हिरव्या ऑइलपेंटसारखा जाड थर साचलाय आणि ते पाणी पिऊन मेंढ्या, घोडे, कुत्री मरतायत. दादा, तुम्ही पण तोच शब्द वापरलात, ऑइलपेंट. मी वाचताना थांबलोच.

घाटमाथा_खानापूर

काल रात्री हे सगळं मोबाईलवरनं मीटिंगमधे वाचून दाखवलं. पाम आयलंडचं वाचल्यावर कुणी बोललंच नाही थोडा वेळ. मोरचूद रद्द. पोतं समितीच्या खोलीत कुलूप लावून ठेवलंय. ताई, गावात एक जण डायलिसिसला जातो, आठवड्यातनं दोनदा, त्याच्या मुलाला रात्रीच भेटलो, तो सेंटरला सांगणार आहे. शाळेजवळच्या बोअरचं पाणी पिण्यासाठी दिलंय, दोन टँकर मागितलेत. बरणीतलं पाणी सकाळी बघितलं, वर बोटभर हिरवं कडं. सर, नमुना घेऊन उद्या कऱ्हाडला येतोय.

मासेमारीचं तुम्ही विचारलं ते बरोबर निघालं. ठेका आहे, आणि मार्चमधे दोन ट्रॉल्या कोंबडखत पडलंय. ठेकेदार आमच्याच गावचा, बिचारा म्हणाला मला कुणी सांगितलंच नाही की हे पिण्याला वाईट. ठेक्याच्या कागदात पण तसं काही लिहिलेलं नाही, मी काढून वाचला.

घाटमाथा_खानापूर

बारा दिवसांनी परत लिहितोय. सरांनी मायक्रोस्कोपखाली बघितलं, मायक्रोसिस्टिसच निघाला. विषाच्या टेस्टचा नमुना गेलाय, रिपोर्ट यायचाय. सक्शन नऊ फूट खाली घेतलं, ड्रमचा अडसर बांधला, रोज चार-पाच बादल्या साय निघत होती. परवा टेंभूचं पाणी आलं आणि दोन दिवसात तवंग दिसेनासाच झाला, वास पण गेला. आता गावातनं रोज फोन येतायत की टँकरच्या रांगेत बायकांनी किती दिवस उभं राहायचं, नळाचं पाणी सुरू करा. लोकांचं पण खरं आहे. काका, करू का चालू?

जुना_फिल्टरवाला

नाही, लगेच नको. साय दिसेनाशी झाली म्हणजे ती वाहून गेली, पातळ झाली किंवा मेली, आणि मेली असेल तर विष आत्ताच पाण्यात सुटलेलं असणार. तवंग गेल्यानंतरचा आठवडा-दोन आठवडे मला तवंगापेक्षा जास्त भीतीचे वाटतात, कारण दिसत काहीच नाही. विरघळलेलं मायक्रोसिस्टिन पाण्यात बरेच दिवस टिकतं. वास गेला याच्यावर पण जाऊ नका, तो मातीचा वास जिऑस्मिनचा असतो, ते स्वतः विषारी नाही आणि वास नसताना पण विष असू शकतं.

नवीन नमुने तीन ठिकाणचे घ्या, जॅकवेलमधलं कच्चं पाणी, फिल्टरनंतरचं टीसीएलच्या आधीचं, आणि गावातल्या शेवटच्या नळाचं. जुना रिपोर्ट सायवाल्या दिवसाचा येईल, त्यावर आजचा निर्णय घेता येणार नाही. शेवटच्या नळाचा आकडा १ च्या खाली आला आणि आठवड्यानं परत एकदा तसाच आला की सुरू करा. तोपर्यंत कार्बन चालू ठेवा, बंद करू नका. टँकरची रांग कमी करायची असेल तर वेळ वाडीवार वाटून द्या, बायकांचे दोन-दोन तास वाचतील.

घाटमाथा_खानापूर

ठीक आहे काका. वाडीवार वेळा आजच फळ्यावर लिहितो. गडद बाटल्या सरांनी दिल्यात तीन, सकाळी बर्फ घेऊन जलसुरक्षकाबरोबर तलावावर जातोय.